नऊ वाजताचं गरम पाणी

सकाळचे नऊ. कारेलीबाग, आमच्या सोसायटीचा दुसरा मजला. न्हाणीघरात माझी बाळंतीण मुलगी, तिचं इवलंसं बाळ, तेल लावायला दांडिया बाजारातून आलेल्या सुशीलाबाई. आणि नळाला कढत पाणी.

बातमी एवढीच. यात विशेष काय, असं ज्यांना वाटेल त्यांना आमचा टायमर माहीत नाही. साडेसातला तो हीटर बंद करायचा आणि आठपर्यंत गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी संपलेलं असायचं. नऊला पाणी द्यायला कमिटीनं मला ठणकावून नकार दिला होता. तरी आलं. कुणी सोडलं, हे मी आजतागायत विचारतोय.

बडोद्यात मी आयुष्यभर बातमीदारी केली. पुढारी, बिल्डर, अधिकारी, कुणाशी भांडायचं सोडलं नाही. पण किस्से जमले ते आमच्याच जिन्यात! एक सांगून होत नाही, तोवर दुसरा चपला काढून आत आलेला असतो.

*

नव्वदच्या दशकात बिल्डर लोकांना ‘मॉडर्न’चं वेड लागलं होतं. आमच्या बिल्डरनं गच्चीवर सगळ्यांसाठी एकच मोठी टाकी बसवली, तिच्यात विजेचा हीटर, आणि शेजारी भिंतीवर टायमर. चोवीस तासांची पांढरी तबकडी, कडेनं बारीक खुंट्या. ज्या वेळेच्या खुंट्या बाहेर ओढाल, त्या वेळेत हीटर चालू. शाळकरी पोराला जमेल असं काम.

पहिल्या सकाळी सगळी बिल्डिंग गार पाण्यानं कुडकुडली. संध्याकाळी सहाला मात्र नळातून वाफा! टायमर बसवणारा माणूस आला होता संध्याकाळी सातला, आणि तबकडी ठेवून गेला सकाळच्या सातवर.

मी तडक सेक्रेटरी जशुभाईंच्या दारात. जशुभाई कापडाचे व्यापारी. आवाज कधी चढत नाही, म्हणून माझा जास्तच चढतो.

“साहेब, गरम पाणी आव्युं के नै?”

“आलं, पण संध्याकाळी!”

“तो सांजे न्हावानुं!” आणि वर मलाच, “तमे पेपरवाळा दरेक वातमां खोट काढो छो!”

*

तबकडी सरळ केली, तर नवीनच भानगड. गुरुवार आला की पाणी तासभर उशिरा. तबकडी पुन्हा सरळ करावी, तर पुढच्या गुरुवारी तेच.

पहिल्या मजल्यावर खरे राहतात, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. वाघोडियाच्या वळणावर जरी कुत्रं भुंकलं, तरी त्यांना त्यात कुणाचा तरी हात दिसतो. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “कोणीतरी उशिरा उठणारा आहे. सोयीनं फिरवतो. तुम्ही पत्रकार, लावा छडा!”

लावला! बुधवारी दुपारी टाकीच्या सावलीत पेपर उघडून बसलो. गच्चीवर जशुभाईंच्या नयनाबेन पापड उलटून गेल्या, बाकी चिटपाखरू नाही. मग नेहमीसारखी लाईट गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तबकडी थांबली. ती विजेवरच फिरायची. लाईट गेली की घड्याळही झोपायचं. लाईट तासानं आली, तेव्हा टायमर तासभर मागे!

मी विजयी मुद्रेनं खऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ठीक. पण लाईट बुधवारीच का जाते, याची चौकशी केलीत?”

*

दिवाळी आली. नरकचतुर्दशीला आम्हा मराठी घरांना पहाटे चारला अभ्यंगस्नान हवं. गुजराती घरांना एवढी घाई नाही. नयनाबेन बायकोला म्हणाल्या, “तमारा भगवान चार वागे उठे छे?”

बायको म्हणाली, “ते कुठले उठतायत! आम्हीच उठवतो!”

परवानगी मिळाली. खऱ्यांनी स्वतः गच्चीवर जाऊन खुंट्या बदलल्या. पण सण झाल्यावर त्या पूर्ववत करायच्या कुणी? खरे म्हणाले, सेक्रेटरीनं. जशुभाई म्हणाले, ज्यानं फिरवल्या त्यानं. लाभपंचमीपर्यंत हीटर पहाटे चारला टाकी तापवत राहिला, आणि आम्ही सातला कोमट पाण्यात हात घालून एकमेकांकडे बघत राहिलो.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकदा जिन्यात गाठ पडली. खरे मला म्हणाले, “जशुभाईंना सांगा, सेक्रेटरीला जबाबदारी असते.”

“अहो, ते समोरच उभे आहेत!”

“म्हणूनच जरा जोरात सांगा.”

*

शेवटी नवा टायमर आणला. आत बॅटरी, लाईट गेली तरी चालणारा. एकदा वेळ नीट लावली की हात लावायची गरज नाही. पण आमच्याकडे विश्वास बॅटरीवर बसतो, माणसांवर नाही! टायमरभोवती लोखंडी पेटी आली. कुलूप जशुभाईंचं, किल्ली त्यांच्या कमरेला. त्यावर खऱ्यांनी सुतळी बांधून लाखेचं सील ठोकलं, मालाच्या डब्याला ठोकतात तसं. शिक्का पितळी, त्यांच्या देवघरात.

“आता ना त्यांना एकट्याला उघडता येणार, ना मला,” खरे म्हणाले.

बायकोनं मान हलवली. “आपला बंब बरा होता. त्याला कमिटी नव्हती!”

*

आणि ऐन थंडीत मुलगी बाळंतपणाला आली. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, मुठीएवढं. डॉक्टरांनी बजावलं, गारठा लागता कामा नये. सुशीलाबाई नऊच्या आधी मोकळ्या होत नसत, आणि इतक्या नाजूक बाळाला न्हाऊ घालायला दुसऱ्या कुणावर बायकोचा भरवसा नव्हता. गॅसचा सिलिंडर संपलेला, दुसऱ्याचा नंबर लागत नव्हता. पाण्यात रॉड घातला की फ्यूज उडायचा, कारण बिल्डरनं वायर दोऱ्याएवढी वापरलेली. सुशीलाबाई शेजाऱ्यांकडून तापवून आणलेल्या पातेल्यात कोपर बुडवायच्या आणि म्हणायच्या, “न्हाईपर्यंत निवतंय हो! लेकरू निळं पडतंय.”

मी मीटिंग बोलावली. मागणी एकच: नऊला अर्धा तास पाणी.

जशुभाई म्हणाले, “रूल एटले रूल. आजे तमने, काले आखी बिल्डिंगने.”

खऱ्यांकडे आशेनं पाहिलं. आपला माणूस! ते म्हणाले, “एका प्रवाशासाठी टाईमटेबल बदलत नाहीत.”

मी टेबलावर मूठ आपटली. “सगळ्यांना पेपरात उघडं पाडीन!”

“छापो ने,” जशुभाई म्हणाले. मीटिंग संपली. दोघं दोन वेगवेगळ्या दारांनी गेले.

दुसऱ्या दिवशीही पातेलंच. तिसऱ्या दिवशी नऊला बायकोनं सवयीनं नळ सोडला आणि किंचाळली. मला वाटलं, बाळाला काही झालं. धावत गेलो, तर तिचा हात भाजला होता!

बिल्डिंगमध्ये लगेच कुजबूज: पत्रकारानं वरून दाब आणला! खोटं, सपशेल खोटं! मी गच्चीवर धावलो. पेटीला कुलूप. कुलपावर सील, अखंड.

जशुभाईंना गाठलं. त्यांनी कमरेची किल्ली वाजवून दाखवली. “चावी मारी पासे छे. पण सील? ए खरेने पूछो.”

खऱ्यांना गाठलं. “सील माझं आहे, बघा जाऊन. आणि कुलूप? ते त्यांना विचारा.”

“तुम्ही उघडलीत का पेटी? हो की नाही?”

“तुम्हाला पाणी मिळतंय ना? मग सकाळी सकाळी ही उलटतपासणी कशाला?”

बायको म्हणाली, “पुरे आता तुमची शोधपत्रकारिता. बंद पडेल पाणी!” मुलगी असेपर्यंत मी गप्प बसलो. पाणी रोज येत राहिलं. बाळानं बाळसं धरलं, इतकं की सुशीलाबाईंच्या पायांवर मावेना.

मुलगी सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी नऊला मी नळ सोडला. गारढोण!

पुन्हा गच्चीवर गेलो. पेटीला तेच कुलूप. सील खऱ्यांच्याच शिक्क्याचं, लाख मात्र नवी, चकचकीत.

ती पेटी उघडायला दोघं लागतात. आणि दिवाळीपासून ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.