गाळपेरीतला हुळा
हरभऱ्याचा हुळा भाजल्याचा वास आला की मला उजनी धरणाच्या काठावरची ती सकाळ आठवते. पाणपक्ष्यांसाठी काठ राखायचा, म्हणून आमच्या गटाची पहिली बैठक होती. पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ कुणी पेरायचा नाही, तिथं पक्षी चरतात, असं मी तावातावानं सांगितलं आणि सगळ्यांपुढं गरम हुळा ठेवला. एका म्हाताऱ्या मच्छीमारानं दाणे चोळत विचारलं, "ग्वाड हाय. कुठला म्हनायचा?" "घरचाच, तात्या. आपल्या गाळपेरीतला," मी कौतुकानं बोलून गेलो. त्यांनी हातातले दाणे हळूच परत पाटीत सोडले. "मग ह्यो पाखरांचाच की," म्हणाले. आज त्या गटाचा अध्यक्ष मी आहे, आणि तो गाळ यंदाही मी पेरलाय.