सासऱ्यांचा फॉन्ट

माझे सासरे नरखेड तालुक्यातले संत्र्याचे बागायतदार. गेल्या वर्षी त्यांनी शहराच्या वेशीवर वाडीला माल उतरवायला गोडाऊन भाड्याने घेतलं. बोर्डाचं काम आपसूक माझ्याकडे आलं, कारण मी सक्करदऱ्यात पत्रिका, पोस्टर वगैरे करून देतो. बोर्डावर गोडाऊनचं नाव आणि शेजारी फेटा बांधलेला त्यांचा फोटो, एवढंच हवं होतं.

फाइल प्रिंटरवाल्याकडे पाठवली. पण मी वापरलेला फॉन्ट त्याच्याकडे नव्हता, त्यामुळे नावाच्या जागी नुसते चौकोन उमटले. घाईत मी सगळ्याचंच एक चित्र करून व्हॉट्सॲपवर धाडलं.

बोर्ड लागला. सासऱ्यांनी खालून वर पाहिलं.

"जावईबापू, हे काहून असं दिसून राहिलं? तोंडावर फरशी बसवल्यावानी!"

मी समजावलं. "मामाजी, फोटो म्हणजे ठिपके. ठिपके मोजकेच, ताणले की तेच मोठे दिसतात. पाठवताना आणखी कमी झाले. अक्षरंही चित्रात गेली म्हणून फुटली, नाहीतर फॉन्टमध्ये ठिपके नसतात. रेघ कुठून निघाली, कुठे वळली, हे लिहिलेलं असतं. म्हणून अक्षर कितीही मोठं करा, कड साफच."

त्यांनी पुन्हा बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग माया फोटोचाच फॉन्ट करा ना."

मी हसलो. ते हसले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "तोंड काढूनच टाका. लोकं संत्री घ्याले येतात, तुमाले पाहाले नाही." त्यावर ते जेवले नाहीत. मग माझा इलाज राहिला नाही.

दोन दिवस मी त्यांचा फेटा, मिशा, नाक रेघांनी काढत बसलो. मिशांनी फार छळलं. शेवटी ते चित्र फॉन्टच्या फाइलमध्ये घातलं, कोणी कधी वापरत नाही अशा 'ॡ' या अक्षराच्या जागी. या वेळी फाइलसोबत फॉन्टही पाठवला. नवा बोर्ड आला, तेव्हा मिशांचं टोक रस्त्यापलीकडून दिसत होतं.

सासरे खूश होऊन घरी आले आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. बटन दाबलं की स्वतः उमटायचे. आधी मुगाएवढे, मग पडदाभर, मग ओळीने तीस-चाळीस. दुपार गेली.

सासूबाई चहा घेऊन आल्या, पडद्यावरची फेट्यांची रांग पाहिली आणि कप ठेवून सासऱ्यांकडे बोट करत मला म्हणाल्या, "मलेही एका बटनावर बसवा. पण यायच्या बाजूचं बटन नको."