चार विटांवरची टोपली

गेल्या वर्षीची आषाढ अमावास्या, श्रावण पौर्णिमा, भाद्रपद अमावास्या. तिन्ही उधाणांत कोकणातल्या एका गावी समुद्र बंधारा ओलांडून घरांत शिरला. जबाबदार: बंधाऱ्याची उंची आखणारा अभियंता आणि ती मंजूर करणारा अधिकारी.

त्या गावची एक बाई आमच्या संभाजीनगरच्या आठवडी बाजारात सुके बोंबील विकते. बसण्याआधी ती टोपली चार विटांवर ठेवते.

"मावशे, इथं नळाला पाणी नाय, तुझा समुंदर कुठून येणार?" शेजारचा कांदेवाला हसला.

"बंधारेवाले सायेबही असेच हसलेले. घरात खाटेच्या पायांखाली आधी एका विटेवर भागायचं, आता एकावर एक चार लागतात. लेक त्याच खाटेवर निजते."



येत्या अमावास्येपूर्वी त्या अभियंत्याने आणि अधिकाऱ्याने जाहीर उत्तर द्यावे: बंधाऱ्याची उंची कोणत्या वर्षीच्या समुद्रपातळीवरून ठरवली?