दोन हिसके

कुलूप लागलं की काकाजी ते दोन्ही हातांनी धरायचे आणि खाली दोन हिसके द्यायचे. एक जोरात, एक हळू. मग घरमालकाकडे वळून, शेजारच्या गॅलरीतही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "लागलं. मी पाह्यलं."

म्हाताऱ्या माणसांना सहलीसाठी घराबाहेर काढायचा प्रसंग तुमच्यावर कधी आला असेल, तर हा सोहळा तुम्हीही पाहिला असेल. कुलूप लागतं, चार पायऱ्या उतरून होतात, आणि मग आठवतं की मोरीतला नळ राहिला. परत वर. नळ बंदच असतो. पुन्हा कुलूप. खाली बसमध्ये बाकीचे लोक घामाघूम होऊन बसलेले असतात आणि स्टिअरिंगवर मी चडफडत असतो.

मी ड्रायव्हर. सव्वीस सीटची बस, नागपुरातले ज्येष्ठ लोक, आणि कंपनीचा वायदा असा की सहलीला दारातून नेऊ आणि दारातच आणून सोडू. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, कोणाची अमेरिकेत. तिथून ती पैसे भरतात, आणि आईबाबा पचमढीला नाहीतर चिखलदऱ्याला जाऊन येतात. त्यांना घरून आणायला आणि पूर्ण सहलभर सांभाळायला कंपनीने एक माणूस दिला होता. तेच हे काकाजी. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. वयाने ऐंशीच्या घरातले प्रवासीसुद्धा त्यांना काकाजीच म्हणायचे, आणि ते स्वतः होते जेमतेम पासष्टचे.

मी घड्याळाचा माणूस. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलो, भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो. त्यामुळे काकाजी एकेका घरात वीस-वीस मिनिटं घालवायचे तेव्हा माझं डोकं फिरायचं. मी हॉर्न द्यायचो. ते शांतपणे फाटकापर्यंत यायचे.

"हॉर्न कायले वाजवतं गा? लोकं घर बंद करून राहिले, दुकान नाई."

आणि पुन्हा आत जायचे. आत जाताना चपला काढायचे. घरचे म्हणायचे, राहू द्या हो, पण ते काढायचेच. परतताना त्या घालायला आणखी दोन मिनिटं.

आधी ते वीज मंडळात मीटर रीडर होते. तीस वर्षं त्यांनी नागपूरची घरं फाटकापासून जिन्याखालपर्यंत पाहिली. "त्याच्या आत कसं असते ते आता पाहून राहिलो," असं म्हणायचे. माणसांपेक्षा मीटर त्यांच्या जास्त लक्षात. महाल भागातल्या एका काकूंना त्यांनी पहिल्याच भेटीत, भर बसमध्ये सांगितलं, "तुमच्या मीटरसमोर चिमणीनं घरटं केलं होतं. ते न हलवता मी आरसा आत घालून रीडिंग घेत होतो."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे बापा! ते तुम्ही होते काय? मले वाटे कोणी आमच्या जिन्याखाली दाढी करून राहिलं!"

पूर्ण बस छिंदवाड्यापर्यंत हसत होती.

पण त्या वीस मिनिटांचा उपयोग काय, ते मला सावनेरजवळ कळलं. नंदनवनातल्या एक निवृत्त शिक्षिका एकदम ओरडल्या, "गॅस! मी गॅस बंद नाही केला!" त्यांचा चेहरा पांढरा पडला. शेजारची बाई धीर द्यायला लागली, तर तिलाही स्वतःचा गॅस आठवला. हा आजार बसमध्ये फार पटकन पसरतो.

काकाजी दांडा धरून उभे राहिले. "बाई, इकडं पाहा. तुम्ही आधी दुधाचं पातेलं पालथं घातलं. मंग कॉक आडवा केला. मंग बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती विझवली. चष्मा राह्यला म्हणून परत आत गेल्या, तवा कॉककडे पुन्हा एकदा पाह्यलं. मंग कुलूप. लागलं. मी पाह्यलं."

बाईंनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला आणि डब्यातला चिवडा काढला. पाच मिनिटांनी त्या शेजारणीला कोबीच्या वड्यांची कृती सांगत होत्या.

त्या दिवसापासून मी हॉर्न कमी केला. बंद नाही केला; स्वभाव इतक्या लवकर बदलत नाही.

एकदा मात्र मी खरंच चिडलो. मानेवाड्याच्या एका हेडमास्तरांनी चाळीस किलोमीटरवर विचारलं, "काकाजी, माझं मागचं दार?" काकाजींनी डोळे बारीक करून आठवून पाहिलं. मग म्हणाले, "मागचं दार मी नाई पाह्यलं."

मी आरशातून खुणा करत होतो, हो म्हणा, हो म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "बस फिरव गा." चाळीस किलोमीटर परत. दार आतून कडी लावून व्यवस्थित बंद होतं. त्या दिवशी जेवायला चार वाजले आणि मी त्यांना सगळ्यांसमोर नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "ज्या दिवशी मी न पाहता पाह्यलं म्हणीन ना, त्या दिवशी माह्यं मागचं सगळं पाह्यलेलं खोटं होईन."

माझा राग मात्र पचमढीपर्यंत पुरला.

सहलीच्या दिवशी मी सगळ्यात आधी त्यांना घ्यायला जायचो. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर. ते बाहेर यायचे, दार नुसतं ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "येतो वं." आतून बायकोचा आवाज यायचा, "स्वेटर घेतला काय?" मे महिन्यातसुद्धा. कुलपाचा प्रश्नच नव्हता. काकू कितीतरी वर्षांपासून अंथरुणावर होत्या. कमरेखाली काही हलत नव्हतं. काकाजी सहलीवर असले की शेजारच्या वहिनी त्यांचं सगळं करायच्या.

एकदा पाणी भरून घ्यायला मी आत गेलो. खिडकीजवळच्या खाटेवर काकू पडल्या होत्या. केस नीट विंचरलेले, डोळे भलतेच चुरचुरीत. मला पाहताच म्हणाल्या, "ड्रायव्हर दादा, खरं सांगा. त्या सिव्हिल लाइन्सवाल्या बाईच्या फ्रिजवर बाहुल्या आहेत काय? का हे मले बनवून राहिले?"

"मी कधी वर गेलो नाही काकू," मी म्हणालो.

"जाऊन पाहा एखादवेळी. आणि त्या मास्तरच्या घरी तीन घड्याळं आहेत म्हणते. तिन्हींचा टाइम येगळा!"

मी विचारलं, पचमढीचं काही सांगत नाहीत का? काकूंनी नाक मुरडलं. "डोंगर काय, सगळे सारखेच दिसत असतीन. घर मात्र कोणाचं कोणासारखं नसते."

तर त्या वीस मिनिटांचं खरं कारण हे होतं. काकाजी लोकांची घरं पाहायचे, ती काकूंसाठी. कोणाच्या ओट्यावर कोणता रंग, कोणी नातवाची लहानपणची सायकल अजून ठेवली आहे, कोणाच्या देवघरात सासऱ्यांचं घड्याळ पूजेला आहे. सहलीवरून परतले की चार दिवस हेच बोलणं. एवढी वर्षं मी खाली बसून हॉर्न देत होतो याची मला लाज वाटली, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

काकू थंडीच्या सुरुवातीला गेल्या.

दीड महिना काकाजी आले नाहीत. कंपनीने दुसरा माणूस पाठवला. तो एकेकाला दोन-तीन मिनिटांत खाली आणायचा, आणि बस रस्ताभर गॅस आणि नळ यांच्या काळजीत असायची. मग एक दिवस काकाजी परत आले. गल्लीच्या तोंडाशी बस लावून मी समोरची काच पुसत होतो, त्यांच्या घराकडे पाठ करून. ते आले, पुढच्या सीटवर बसले. "चल गा," एवढंच म्हणाले. बाकीच्या घरांत नेहमीसारखे गेले, हिसके दिले, पाह्यलं म्हणाले. फक्त वीस मिनिटांची पाच मिनिटं झाली होती. आता ते कोणासाठी पाहणार होते?

पचमढीला तिसऱ्या दिवशी लोक धबधबा पाहायला उतरले आणि काकाजी बसच्या पायरीवर बसून राहिले. आदल्या दिवसापासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. डोळे खोल गेले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"माह्या घराचं कुलूप लागलं काय गा?" त्यांनी विचारलं. "नवीन आणलं होतं मी. लावलं का नाई, आठवूनच नाई राहिलं. दोन दिवस झाले डोकं खाजवून राहिलो."

"शेजारच्या वहिनींना फोन करा ना."

"वहिनी गावाले गेली. तिच्या पोरीचं बाळंतपण आहे." ते थांबले. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक त्यांच्याकडे पाहायचे. "तू होता ना तिथं. तू पाह्यलं काय?"

आजवर त्यांच्यावर हा प्रश्न विचारायची वेळच आली नव्हती. सगळ्यांच्या घराला ते साक्षीदार, त्यांच्या घराला कोणीच नाही. नाही म्हणालो असतो तर ते तिथूनच परत निघाले असते, मिळेल त्या गाडीने, त्या उपाशी पोटाने. आणि मला मानेवाड्याचं मागचं दार आठवत होतं, त्यांचं वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं.

"लागलं," मी म्हणालो. "मी पाह्यलं."

"हिसके?"

"दोन. एक जोरात, एक हळू."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने उठले आणि टपरीवर जाऊन दोन प्लेट पोहे खाल्ले. परतीच्या वाटेवर छिंदवाड्याचा घाट उतरताना ते गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून. मी वळणं हळू घेतली.

नागपूरला सगळ्यांना घरोघरी सोडलं. शेवटचं घर त्यांचं. मी त्यांची बॅग घेऊन मुद्दाम पुढे झालो.

दार नुसतं ओढलेलं होतं. हात लावताच उघडलं. आत वाऱ्याने आलेली कडुनिंबाची पानं, खाटेवर घडी घातलेली सतरंजी, आणि खिडकीत पुठ्ठ्याच्या खोक्यासकट नवं कुलूप. किल्ल्या बांधलेली तारही सोडलेली नव्हती. काही गेलं नव्हतं. जाण्यासारखं होतं काय म्हणा.

काकाजी उंबऱ्यावर उभे राहिले. मी जमिनीकडे पाहत होतो.

"तू पाह्यलं म्हणे," ते म्हणाले.

"खोटं बोललो काकाजी. माझी पाठ होती."

ते खाटेवर जाऊन बसले आणि सतरंजीवरून हात फिरवला. "मी 'येतो वं' म्हणूनच निघालो असीन," ते हळूच म्हणाले. "घरात माणूस असलं तर कुलूप कोण लावते?"

मला रडू आलं. तेही रडले, पण थोडंच. मग नाक पुसून म्हणाले, "तुह्या खोट्यावर मी दोन प्लेट पोहे खाल्ले. झोपलो. राग नाई गा माह्या मनात. पण आता माह्याच पाह्यलेल्याचा भरोसा राह्यला नाई. हे काम माह्यानं होणार नाई."

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. "आता तू उतरत जा घरोघरी," म्हणाले. "पण खरं पाहत जा."

महिनाभराने अमरावतीला राहणारी त्यांची मुलगी त्यांना कायमचं घेऊन जायला तयार झाली. आमची चिखलदऱ्याची बस त्याच वाटेने जाते. मी म्हणालो, तुम्हाला मीच घ्यायला येतो, घरून. त्या सकाळी मी चपला काढून आत गेलो आणि घाई केली नाही. त्यांचं सगळं पाहत एका कोपऱ्यात उभा राहिलो. मग त्यांनी कुलूप लावलं, बाजूला सरकले, आणि मी दोन हिसके दिले.

ते पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसले होते. कोंढाळीच्या पुढे त्यांची चुळबूळ सुरू झाली. मला आरशात दिसत होतं. त्यांनी विचारायच्या आधीच मी मोठ्याने सुरुवात केली, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं.

"काकाजी, तुम्ही आधी माठ पालथा घातला. मंग खिडकी लावली, वरची कडी लागत नव्हती म्हणून बुक्की मारली. मंग काकूच्या फोटोले हात लावला. दोनदा लावला. 'येतो वं' म्हणाले. मंग कुलूप. लागलं. मी पाह्यलं."

आरशात त्यांनी डोळे मिटलेले दिसले. अमरावतीपर्यंत पुन्हा चुळबूळ झाली नाही.

आता मी प्रत्येक घरात जातो. बस खाली उभी राहते आणि आतले लोक कुरकुरतात. सिव्हिल लाइन्सवाल्या बाईंच्या फ्रिजवर खरंच बाहुल्या आहेत, अकरा. मास्तरांच्या तिन्ही घड्याळांत वेगळी वेळ असते. हे सांगायला मी काकाजींना फोन करायचो आणि ते म्हणायचे, "मी तिले सांगितलंच होतं."

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली. शेवटचा आठवडा ते कोणाला ओळखत नव्हते, पण कुलपाचं विचारायचे. ती दर वेळी सांगायची, लागलं बाबा, ड्रायव्हर दादानं पाह्यलं. मग शांत पडायचे.

मग तिने विचारलं, "दादा, तुम्ही खरंच पाह्यलं होतं ना?"

"खरंच पाह्यलं होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सहल होती. पहिले प्रवासी घेण्याआधी मी बस सक्करदऱ्याच्या त्या गल्लीशी लावली. फाटक उघडून दारापाशी गेलो. कुलपावर धूळ होती. दोन्ही हातांनी धरून मी दोन हिसके दिले, एक जोरात, एक हळू. लागलेलं होतं.