दहाचा ए

दानेश्वरी २००२ साली बी.एस्सी. होऊन गडहिंग्लजहून कोल्हापुरात आली आणि राजारामपुरीत वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात लागली. पहिलं गिऱ्हाईक घरचंच मिळालं. गुळाचे व्यापारी सिद्धाप्पा, तिचे सख्खे मामा.

मामांची अट एकच होती. वेबसाइटच्या पानाचा रंग त्यांच्या गुळासारखा पाहिजे. त्यासाठी त्यांनी गुळाची ढेप आणून मॉनिटरशेजारी ठेवली. तिच्याकडं बघत दानेश्वरीनं आकडे ठरवले: लाल २५५, हिरवा २००, निळा १०. वेब पानाला रंग सांगायचा तर हे आकडे सोळाच्या पायात लिहावे लागतात, म्हणजे नऊनंतर दहाला ए, अकराला बी, असं पंधराला एफपर्यंत. तेवढ्यासाठी तिनं चार ओळींची जावास्क्रिप्ट लिहिली. तिनं २५५ चं एफएफ केलं, २०० चं सी-आठ आणि दहाचं ए. तिन्ही एकापुढं एक जोडले. पान इंटरनेटवर चढवलं आणि लाइट गेली, त्यामुळं उघडून बघायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी गुजरातच्या दोन पार्ट्यांना सायबर कॅफेत नेऊन पान दाखवलं. पान फिकट गुलाबी होतं.

"आप साबुन भी बेचते हैं?" एकानं विचारलं.

मामा तडक ऑफिसात आले. "दाने, माझ्या गुळाचा साबण केलास की गं!"

दानेश्वरीला रडू आलं, पण ऑफिसात रडायला जागा नव्हती. तिनं कोड उघडला.

"मामा, रंगाला सहा अक्षरं लागत्यात, एका आकड्याला दोन. दहाचा नुसता ए झाला, म्हणून पाचच गेली. ब्राउझरनं सहावं म्हणून शून्य शेवटी लावलं. ते एच्या आधी पाहिजे हुतं."

"दहाला ए कोण म्हणतंय?"

"कॉम्प्युटर."

"आणि तू ऐकतीस?"

"ऐकाय लागतंय."

मामांना ते पटलं नाही, पण ते खुर्ची ओढून बसले. आकडा सोळाच्या खाली असेल तर आधी शून्य लावायचं, अशी एक ओळ तिनं वाढवली. पान पिवळं झालं. मामांनी ढेप उचलून पडद्याला लावून बघितली.

"व्हय. हाच."

गुजरातच्या पार्ट्यांनी माल घेतला, फोनवरून. त्या पानावरून कधीच कुणी घेतला नाही. तरी मामा मार्केट यार्डात सांगत फिरले, "आमची भाची चुकती, पर दुरुस्त करती." त्यावर तिला आणखी कामं मिळाली.

लग्नानंतर ती हातकणंगल्याला गेली आणि तिथं तिनं कॉम्प्युटर क्लास काढला. नवरा संगमेश बँकेत होता. वहिनी काय शिकवतात, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "आकडेच. पर आमच्या बँकेत चालत न्हाईत ते."