अस्वलाला कंदील दिला कुणी

आमच्या घरातल्या बायकांनी सिनेमा पाहायचा नाही, हा आजोबांचा नियम होता. कारण ते एका वाक्यात देत: पडद्यावर परकी माणसं तोंड रंगवून येतात. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला, एका उन्हाळ्याच्या सुटीत, गावातल्या थिएटरात हाताने काढलेल्या चित्रांचा इंग्रजी सिनेमा लागला. त्यात माणसंच नव्हती, त्यामुळे नियम लागू पडेना. आजोबांनी एक दिवस विचार केला आणि परवानगी दिली. ती आत्याला मिळाली, आणि तिची सोबत म्हणून मला. मी दहा वर्षांची होते. आत्या चाळिशीची. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन ती माहेरी परतली होती आणि तेव्हापासून घरचा स्वयंपाक तिच्याकडे होता. सिनेमा तिने एकही पाहिलेला नव्हता.

हा खेळ फक्त शनिवारी सकाळी दहाला असे. बाकीचे सगळे खेळ तमिळ चित्रपटाचे. शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ, त्यात घराबाहेर पडणं अशुभ. राहुकाळ पाळत नाही असं घर तंजावुरातल्या आमच्या गल्लीत नव्हतं. आमच्याकडे तो जरा जास्तच पाळला जाई, कारण आजोबांचं खिशातलं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे अशी त्यांना शंका होती. ते घड्याळ कधी दुरुस्त केलं गेलं नाही. त्याऐवजी राहुकाळालाच दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं जोडली गेली.

नऊच्या आत निघायचं तर आजोबांचं जेवण आड येई. ते साडेनऊला जेवत. नोकरीत असताना दहाला कचेरी गाठायची म्हणून ही वेळ ठरली होती. नोकरी संपून आठ वर्षं झाली होती, वेळ तीच राहिली.

पहिल्या शनिवारी आम्ही दहा पस्तीसला उंबरा ओलांडला. थिएटर राजवाड्याच्या पलीकडे, चालत पंधरा मिनिटं. दारावरचा माणूस तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, पडम् केव्हाच सुरू झालं. आत जाऊन काय कळणार?" आत्याने तिकिटं पुढे केली.

पडद्यावर अस्वलाचं एक पिल्लू बर्फातून चाललं होतं. त्याच्या हातात विझलेला कंदील होता. पिल्लू तो खाली ठेवत नव्हतं. नदी ओलांडताना त्याने कंदील डोक्यावर धरला, कोल्ह्यांनी पाठलाग केला तेव्हा दातात. शेवटी ते एका डोंगरावर पोचलं, कंदील आपोआप पेटला आणि थिएटरातले दिवे लागले.

आत्या खुर्चीतून उठली नाही. ती रोज पहाटे दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायची, आणि पूर्ण रेघ हात न उचलता ओढण्यासाठी गल्लीत तिचं नाव होतं. "एवढ्या रेघा कुणी काढल्या असतील गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्याला कंदील दिला कुणी?"

मी म्हटलं, ते आपण यायच्या आधी झालं असणार.

"तेच विचारते. कुणी दिला?"

आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सिनेमा आणखी एकच शनिवार राहणार होता. आत्याला सुरुवात पाहायची होती, फक्त सुरुवात. तिने आयुष्यात पहिल्यांदाच आजोबांकडे काही मागितलं, आणि आजोबांनी त्यावर शास्त्रातला उपाय काढला. प्रस्थान ठेवायचं. अशुभ वेळी निघणं भाग असेल तर चांगल्या वेळी आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. पुढे केव्हाही निघावं, ती वस्तू उचलावी आणि चालू लागावं.

शनिवारी साडेआठला मी आत्याची कापडी पिशवी समोरच्या घरात दिली. पिशवीत पाण्याची बाटली, पंचा आणि आत्याचा चष्मा होता. चष्मा तिला लांबचं दिसण्यासाठीच लागे, चुलीपाशी नाही, म्हणून तो पिशवीत गेला. समोरच्या काकूंनी पिशवी आतल्या खुंटीला अडकवली आणि "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या.

आजोबा साडेनऊला जेवले. पावणेदहाला आम्ही गल्ली ओलांडली. समोरच्या दाराला कुलूप होतं.

शेजारचे गृहस्थ तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पेपर वाचत होते. त्यांनी सांगितलं की काकूंच्या बहिणीचा निरोप आला आणि सगळे नऊच्या बसने तिरुवैयारूला गेले. संध्याकाळी येतील.

"पिशवी राहू दे," मी म्हटलं. "आपण जाऊ."

आजोबा आमच्या दारात उभे होते. तिथूनच म्हणाले, "प्रस्थान न उचलता जायचं नाही. मग ते कशाला ठेवलं?"

"मग घरी येतो," आत्या म्हणाली.

"आता परत कशी येशील? निघाली आहेस तू."

"अप्पा, मग मी करू काय?"

"बस तिथे. साडेदहाला राहुकाळ संपला की जा. मग प्रस्थानाची गरज नाही."

"दहा पस्तीस," शेजारचे गृहस्थ पेपरातून म्हणाले.

आमच्या घरापासून बारा पावलांवर, कुलूपबंद घराच्या तिण्णैवर, आत्या पन्नास मिनिटं बसून राहिली. तिला पुढे जाता येत नव्हतं आणि मागे येता येत नव्हतं. येणारी-जाणारी बाई विचारी, "इथे का बसलीस?" आणि आत्या प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगे. मला वाटलं होतं, कुणीतरी हसेल. सगळ्यांनी मान डोलावली. एकीने तर आजोबांचं बरोबर आहे असं सांगून शेजारी बैठक मारली.

"तू जा," आत्या हळूच मला म्हणाली. "पळत जा. कंदील कोण देतं तेवढं बघून ये."

"तीही निघालेलीच आहे," आजोबा दारातून म्हणाले. वयोमानाने त्यांना कमी ऐकू येतं, असं घरात समजलं जाई.

दहा पस्तीसला निघून आम्ही पोचलो तेव्हा पिल्लू नदीत होतं. चष्मा खुंटीवर होता. आत्याला पांढऱ्यात एक काळा डाग दिसत होता. तिने मला काय चाललं आहे ते सांगत राहायला लावलं आणि मागच्या रांगेतल्या माणसाने दोनदा आम्हाला गप्प केलं. पुढच्या आठवड्यात सिनेमा कुंभकोणमला गेला. तिथे जायचं नाव काढायची सोय नव्हती.

नंतरची काही वर्षं हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात राहिला. आत्याचं उत्तर बदलत असे. कधी कंदील बापाने मरताना दिला, कधी रेल्वेच्या गार्डने. गल्लीतल्या मुलांना ती गोष्ट सांगे ती पहिल्यापासून, न पाहिलेल्या भागासकट, आणि तोच भाग सर्वांत लांब होत चालला होता. मी एकदा म्हटलं की हे तू रचलेलं आहेस. ती म्हणाली, "मग खरं काय ते आणून दे."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मद्रासला एका वर्तमानपत्रात काम करत होते. तोच सिनेमा तिथे रविवारी सकाळी पुन्हा लागला. खेळ दहाचा होता. मी साडेनऊला जाऊन बसले. वृत्तचित्र संपलं, पडदा पांढरा झाला आणि बर्फातून पिल्लू चालत आलं. कंदील त्याच्या हातात होता. त्याला तो कुणीही दिला नाही. सिनेमा तसाच सुरू होत होता.

खेळ संपल्यावर मी वर जाऊन प्रोजेक्टर चालवणाऱ्याला विचारलं, पहिलं रीळ कापलेलं आहे का. त्याने डबा काढून दाखवला. रीळ पूर्ण होतं.

पोंगलला घरी गेले. आजोबा तोवर गेले होते, घड्याळ देवघरात होतं. आत्या मागच्या पडवीत केळफूल सोलत बसली होती. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं.

"वार कोणता होता?"

"रविवार. राहुकाळ संध्याकाळी असतो."

"किती वाजता पोचलीस?"

"साडेनऊला. दिवे चालू होते. हॉलमध्ये मी पहिली होते."

"कुणाच्या घड्याळात साडेनऊ?"

"थिएटरच्या भिंतीवरच्या. आणि माझ्या. आत्या, मी रीळसुद्धा पाहिलं. त्याआधी काही नाहीच."

तिने केळफुलाची एक पाकळी सोडवली, आतली फुलं वाटीत टाकली आणि पाकळी बाजूला ठेवली. पुढची पाकळी घट्ट होती. ती नखाने सैल करत आत्या म्हणाली, "उशिरा पोचलीस तू."