मंठ्यातली चाचणी
सीडीवर लिहायच्या मार्करच्या शाईचा वास आला की मला मंठ्यातली एक दुपार आठवते. वेबसाइटवरचा मजकूर कोणालाही स्वतः बदलता यावा, असं सॉफ्टवेअर मी नोकरी सोडून दोन वर्षं एकट्याने बनवत होतो; घर बायकोच्या पगारावर चाललं होतं. विकण्याआधी वापरून पाहा म्हणून मी ओळखीच्या नऊ जणांना सीड्या दिल्या, सोबत चुका लिहायला एकेक कागद. महिन्याभरात नऊही कागद परत आले आणि नऊंवर एकही चूक नव्हती. मी आनंदाने त्या नऊंपैकी एका, मंठ्याच्या बियाणे दुकानदाराकडे गेलो, त्याच्या संगणकावर त्याचीच सीडी टाकली, दोन ओळी लिहून ‘जतन करा’ दाबलं, तर ओळी पुसल्या गेल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. “खरं सांगा, उघडून पाहिलं होतं का?” मी विचारलं. त्याने चहा पुढे सरकवला. “न्हाई साहेब. पण तुम्ही इतकी मेहनत करून राह्यले, त्यात चूक काढणं बराबर दिसतं का?” उरलेल्या आठांना विचारायची गरजच नव्हती. चूक मी तासाभरात दुरुस्त केली असती. पण नऊ माणसांपैकी एकालाही ते उघडावंसं वाटलं नव्हतं, त्याला दुरुस्ती नव्हती. घरी येताच बायकोने विचारलं, “काय म्हणाले?” “एकही चूक काढली नाही,” मी म्हणालो. तिने आनंदाने शिरा केला. मी तो दोनदा मागून घेतला, आणि खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही.